आर्क्टिकमधील पहिला उन्हाळा : संशोधक विद्यार्थ्यांसाठी क्षेत्रकार्याचे मार्गदर्शन

आर्क्टिकमध्ये जमिनीवर राहून करायच्या संशोधनाला वर्षातले जेमतेम दहा-बारा आठवडे मिळतात. जूनमध्ये बर्फ ओसरून टुंड्रा उघडी पडते आणि ऑगस्ट संपता संपता पाणवठ्यांवर पुन्हा बर्फाचे पापुद्रे धरू लागतात. वनस्पतींची वाढ, पक्ष्यांची वीण, हिमनद्यांचे वितळणे आणि गोठलेल्या जमिनीचा वरचा थर मोकळा होणे हे सारे मधल्या काळात उरकते. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे पोहोचल्यावर सावकाश शिकत बसायला अवकाश नसतो. कोणता प्रश्न घ्यायचा, तो कशाने मोजायचा, परवानगी कोणाची लागते, सोबत काय न्यायचे आणि हवामान बिघडले तर कोणते काम सोडून द्यायचे, हे आधीच्या हिवाळ्यातच ठरलेले असावे लागते. पुढील मार्गदर्शन साधारण त्याच क्रमाने मांडले आहे.

या कष्टांचे मोल मोठे आहे. १९७९पासूनच्या नोंदी पाहता आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे, आणि उत्तरेकडील कायम गोठलेल्या जमिनीत, म्हणजेच पर्माफ्रॉस्टमध्ये, आज वातावरणात असलेल्या कार्बनच्या सुमारे दुप्पट कार्बन साठलेला आहे. प्रदेश अफाट आणि मोजमापाची ठिकाणे मोजकी, म्हणून एका विद्यार्थ्याने काटेकोरपणे घेतलेल्या एका उन्हाळ्याच्या नोंदीही पुढे अनेकांच्या कामी येतात. २००८ साली सुरू झालेल्या पोलारिस प्रकल्पाने पदवीच्या विद्यार्थ्यांना आधी सायबेरियात कोलिमा नदीकाठच्या चेर्स्की येथे आणि पुढे अलास्कातील युकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशात नेले आणि त्यांना स्वतःचे प्रश्न घेऊन काम करू दिले, ते याच विश्वासाने.

पहिली पायरी : ठिकाण निवडणे

पहिल्या उन्हाळ्यासाठी दुर्गम, अनवट जागेचा मोह टाळावा आणि जिथे आधीपासून नोंदी चालू आहेत असे संशोधन केंद्र निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एका उन्हाळ्याचे तुमचे आकडे एकटे फार काही सांगू शकत नाहीत. शेजारी तीस-चाळीस वर्षांचे तापमान, बर्फ आणि फुलोऱ्याच्या नोंदी असल्या की त्यांना अर्थ येतो. अलास्कातील टूलिक केंद्र १९७५पासून चालू आहे. फेअरबँक्सहून उत्तरेला सुमारे ६०० किलोमीटर रस्त्याने जाऊन ब्रुक्स पर्वतरांगेच्या पलीकडे ते लागते. स्वीडनमधील अबिस्को येथे १९१३पासून हवामानाच्या नोंदी होत आहेत. ग्रीनलंडमध्ये डिस्को बेटावरचे आर्क्टिक केंद्र १९०६ सालचे आहे, तर ईशान्य ग्रीनलंडमधील झाकेनबर्ग येथे १९९०च्या दशकाच्या मध्यापासून हवामान, पाणी, वनस्पती आणि प्राणी यांची एकत्रित निरीक्षणे घेतली जातात.

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावरील नी-ऑलेसुंड हे ७८ अंश ५५ मिनिटे उत्तर अक्षांशावरचे वसतिस्थान अनेक देशांच्या केंद्रांसाठी प्रसिद्ध आहे. भारताचे हिमाद्री केंद्र १ जुलै २००८ रोजी तिथेच सुरू झाले आणि शेजारच्या काँग्सफियॉर्डमध्ये २०१४ साली भारताने इंडआर्क ही पाण्याखालील वेधयंत्रणा बसवली. हिमाद्रीवर काम करायचे असेल, तर गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून मोहिमेसाठी प्रस्ताव मागवले जातात आणि विद्यार्थी बहुधा आपल्या मार्गदर्शकाच्या प्रस्तावाचा भाग म्हणून जातो. लाँगइयरब्येन येथील स्वालबार्ड विद्यापीठ केंद्र १९९३ साली स्थापन झाले. तिथले उन्हाळी अभ्यासक्रम हा आणखी एक मार्ग आहे, कारण त्यात क्षेत्रसुरक्षेचे प्रशिक्षण अभ्यासक्रमातच असते. केंद्रांची तुलना करायची असेल तर इंटरॲक्ट हे आर्क्टिकमधील स्थलीय केंद्रांचे जाळे आणि नवोदित ध्रुवीय संशोधकांची एपेक्स ही २००७ साली स्थापन झालेली संघटना या दोन ठिकाणांपासून शोध सुरू करावा.

दुसरी पायरी : प्रश्न लहान करणे

नवख्या विद्यार्थ्याचा प्रस्ताव बहुतेक वेळा फार मोठा असतो. ‘हवामानबदलाचा टुंड्रावर होणारा परिणाम’ हा एका उन्हाळ्याचा प्रश्न होऊ शकत नाही. ‘शेवाळाने झाकलेल्या आणि शेवाळ नसलेल्या जमिनीत जुलैअखेर वितळलेल्या थराची खोली किती वेगळी असते’ हा होऊ शकतो. त्याला लागणारे साधन एकच आहे, दोन माणसांत ते काम होते आणि दोन-तीन दिवस वाया गेले तरी उत्तर मिळते. प्रश्न ठरला की कागदावर रिकामा तक्ता आखून पाहावा: प्रत्येक रकाना कोणत्या उपकरणाने, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या हाताने भरला जाणार आहे? ज्या रकान्याचे उत्तर देता येत नाही, तो प्रस्तावातून काढून टाकावा.

त्याचबरोबर हवामानाचा हिशेब धरावा. पाऊस, धुके, न उडालेले हेलिकॉप्टर आणि न सुटलेली बोट यांमुळे दर तीन दिवसांपैकी एक दिवस हातचा जाईल असे समजून वेळापत्रक आखले, तर निदान निराशा पदरी येत नाही. कामांची तीन गटांत विभागणी करून ठेवणे उत्तम: जी झालीच पाहिजेत, जी वेळ मिळाल्यास करायची, आणि पावसात तंबूत किंवा प्रयोगशाळेत बसून करता येतील अशी.

घरापासून जवळ एखाद्या माळरानावर संपूर्ण पद्धतीची रंगीत तालीम करणे अत्यावश्यक आहे. उपकरणे बाहेर काढण्यापासून नोंदी संगणकात भरण्यापर्यंत सगळे एकदा हातमोजे घालून करून पाहावे. कोणता स्क्रू हातमोज्यातून फिरत नाही, कोणत्या बाटलीचे झाकण निसटते आणि एका ठिकाणाला खरोखर किती मिनिटे लागतात, हे अशा तालमीतच कळते.

तिसरी पायरी : परवानग्या आणि स्थानिक लोक

स्वालबार्डमध्ये क्षेत्रकार्य करायचे असल्यास ‘रिसर्च इन स्वालबार्ड’ या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी करून तिथूनच गव्हर्नर कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. नमुने गोळा करणे, उपकरणे रोवणे, ड्रोन उडवणे, संरक्षित क्षेत्रात उतरणे या प्रत्येक गोष्टीचा अर्जात वेगळा उल्लेख हवा. तिथल्या पर्यावरण कायद्यानुसार १९४६पूर्वीचे मानवी अवशेष आपोआप संरक्षित ठरतात. टुंड्रावर पडलेली गंजलेली खिळेपट्टी, जुन्या शिकारी झोपडीची फळी किंवा व्हेलच्या हाडांचा ढीग कचऱ्यासारखा दिसला तरी त्याला हात लावायचा नाही आणि त्यावर तंबूही ठोकायचा नाही. कॅनडातील नुनावुतमध्ये नुनावुत रिसर्च इन्स्टिट्यूटकडून संशोधन परवाना घ्यावा लागतो, तर अलास्कात जमीन कोणाच्या ताब्यात आहे यावर, म्हणजे वन्यजीव आश्रयस्थान, राज्य सरकार की मूलनिवासींची महामंडळे यावर, अर्ज कोणाकडे करायचा हे ठरते. ही प्रक्रिया काही महिने चालते, म्हणून निधी मंजूर होण्याची वाट न पाहता चौकशी सुरू करावी.

व्हिसाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९२०च्या स्वालबार्ड करारामुळे स्वालबार्डसाठी स्वतंत्र व्हिसा लागत नाही, परंतु तो भाग शेंगेन, म्हणजे युरोपातील सामाईक व्हिसाच्या, क्षेत्राबाहेर आहे आणि तिथे जाण्याचा नेहमीचा मार्ग नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून जातो. ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो त्यांनी किमान दोन प्रवेशांचा व्हिसा घ्यावा, कारण परतताना त्याच क्षेत्रात पुन्हा प्रवेश करावा लागतो. विम्यामध्ये शोध आणि बचाव मोहिमेचा खर्च स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे का, हेही तपासून घ्यावे. साध्या प्रवास विम्यात तो बहुधा नसतो.

कागदी परवानगीपेक्षा महत्त्वाचा भाग पुढे येतो. आर्क्टिकचा मोठा हिस्सा इनुइट, युपिक, सामी, नेनेत्स अशा लोकांची राहती भूमी आहे. तुम्ही जिथे खुणेचे झेंडे रोवणार तिथे कोणाचे तरी शिकारीचे, बेरी वेचण्याचे किंवा रेनडिअर चारण्याचे ठिकाण असू शकते. गावाच्या परिषदेला आधी पत्र पाठवावे, आपण काय करणार आणि किती दिवस राहणार ते सोप्या भाषेत सांगावे, कोणत्या आठवड्यात कुठे जाऊ नये ते विचारावे आणि मिळालेल्या उत्तरानुसार वेळापत्रक बदलण्याची तयारी ठेवावी. कॅरिबूंचे, म्हणजे रानटी रेनडिअरचे, कळप जात असताना वरून घिरट्या घालणारे हेलिकॉप्टर एखाद्या कुटुंबाचे वर्षाचे अन्न दूर पळवून लावू शकते. शिवाय बर्फ कधी फुटतो, कोणत्या ओढ्याचे पात्र सरकले, कोणता उतार अलीकडे खचला, हे त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांइतके नेमके कोणी सांगू शकत नाही. त्यांच्याकडून मिळालेले ज्ञान वापरले तर त्याचे श्रेय कसे द्यायचे, हेही त्यांनाच विचारून ठरवावे.

चौथी पायरी : कपडे, सामान आणि प्रशिक्षण

आर्क्टिकच्या उन्हाळ्यात खरा धोका कडाक्याच्या थंडीपेक्षा ओलाव्याचा आहे. स्वालबार्डच्या किनाऱ्यावर जुलैचे सरासरी तापमान सात अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यात बारीक पाऊस आणि वारा असला की ओल्या कपड्यांतला माणूस तासाभरात गारठतो. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर ऊब धरणारा थर आणि सर्वांत वर पाणी व वारा अडवणारे जाकीट-विजार असा क्रम ठेवावा. सुती कपडे, विशेषतः जीन्स, तिथे निरुपयोगी ठरतात, कारण ते पाणी धरून ठेवतात आणि वाळत नाहीत. दिवसभर एका जागी बसून मोजमाप करणाऱ्याला चालणाऱ्यापेक्षा एक थर जास्त लागतो, हे नवखे विसरतात. ओल्या टुंड्रासाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, खडकाळ भागासाठी घोटा धरणारे बूट, हातमोज्यांचे किमान तीन जोड आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बंद केलेला कोरड्या कपड्यांचा एक संच रोज पाठीवर हवाच. निघण्यापूर्वी बुटांचे तळवे आणि तंबूच्या खुंट्या घासून स्वच्छ कराव्यात, म्हणजे परक्या वनस्पतींचे बी तिथे पोहोचत नाही.

अलास्का आणि ग्रीनलंडच्या अंतर्भागात जुलैमध्ये डासांचे अक्षरशः ढग असतात आणि डोक्यावर ओढायची जाळी ही तिथे गरजेची वस्तू आहे. डीट हे डासांना दूर ठेवणारे रसायन असलेले मलम लावणार असाल, तर ते प्लास्टिक विरघळवते आणि हाताला लागलेले मलम पाण्याच्या नमुन्यात उतरते हे लक्षात ठेवून नमुने घेणाऱ्याने ते तळहाताला लावू नये.

गॅसचे डबे, अस्वल पळवण्याचा फवारा आणि संकेतज्योती प्रवासी विमानात नेता येत नाहीत. त्या पोहोचल्यावर विकत किंवा भाड्याने घ्याव्यात. संपर्कासाठी इरिडियमवर चालणारा उपग्रह फोन किंवा संदेशयंत्र घ्यावे, कारण त्या उपग्रहांचे जाळे ध्रुवापर्यंत पोहोचते, तर विषुववृत्तावर स्थिर असलेले उपग्रह इतक्या उत्तरेकडून क्षितिजाला टेकलेले दिसतात आणि एखादी टेकडीही त्यांचा संपर्क तोडते.

नी-ऑलेसुंडला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण आहे. तिथल्या भूगणितीय वेधशाळेत क्वेसार या अतिदूरच्या तेजस्वी खगोलीय वस्तूंकडून येणारे अत्यंत क्षीण रेडिओ संकेत टिपले जातात, म्हणून वसाहतीभोवती २० किलोमीटरच्या परिसरात २ ते ३२ गिगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील प्रक्षेपणावर बंदी आहे. वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही या पट्ट्यात येतात. आजकालचे कित्येक डेटा लॉगर, म्हणजे मोजमापे आपोआप साठवणारी उपकरणे, केवळ ब्लूटूथनेच वाचता येतात. असे उपकरण तिथे नेले तर पूर्वपरवानगीशिवाय ते वापरता येत नाही. तारेने जोडता येणारा लॉगर निवडावा आणि ती तार एकाऐवजी दोन घ्याव्यात.

प्रशिक्षणात प्रथमोपचार, नकाशा व जीपीएस वाचन आणि जिथे लागू असेल तिथे हिमनदीवरील दोरीचे तंत्र व रायफल हाताळणे यांचा समावेश असतो. स्वालबार्डमध्ये वसाहतीबाहेर जाताना ध्रुवीय अस्वलाला घाबरवून पळवण्याचे साधन जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे आणि बंदूकही सोबत ठेवावी अशी शिफारस आहे. ज्याला शस्त्र हाताळण्याची इच्छा नाही त्याने ते मोकळेपणाने आधीच सांगावे. गटात ती जबाबदारी घेणारी प्रशिक्षित व्यक्ती असली की पुरते.

पाचवी पायरी : क्षेत्रात वावरणे

रोज निघण्यापूर्वी कोण, कुठे, कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत संपर्क साधणार हे केंद्रातील फलकावर किंवा वहीत लिहावे. ठरलेल्या वेळी संपर्क झाला नाही तर शोध सुरू होतो, म्हणून परतल्याची नोंद करणे हेही तितकेच आवश्यक आहे. एकट्याने कधीही जाऊ नये. धुके उतरले तर अस्वलांच्या प्रदेशात पुढे चालत राहू नये. नजर पोहोचेल अशा जागी थांबावे आणि चहूबाजूंना लक्ष ठेवावे.

अस्वल दिसलेच तर ते जवळ येण्यापूर्वी मागे फिरणे हाच पहिला उपाय आहे. स्वालबार्डमध्ये १ जानेवारी २०२५पासून ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे. तळ ठोकताना स्वयंपाकाची जागा झोपण्याच्या तंबूंपासून दूर ठेवावी, टूथपेस्टसह वासाची कोणतीही वस्तू तंबूत ठेवू नये, तळाभोवती ओढताच बार उडवणारी तार लावावी आणि रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या ठरवाव्यात. नी-ऑलेसुंडमध्ये इमारतींची दारे कुलूपबंद ठेवत नाहीत, कारण अस्वल आल्यास कोणालाही जवळच्या दारातून आत शिरता आले पाहिजे. कोल्हे धीट असतात आणि जवळ येतात, परंतु त्यांच्यात रेबीज आढळतो. त्यांना खायला घालू नये आणि मेलेल्या प्राण्यालाही उघड्या हाताने स्पर्श करू नये. जूनच्या उत्तरार्धात आणि जुलैत आर्क्टिक सुरय पक्षी रेतीवर घरटी करतात आणि जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर नेमक्या चोची मारतात. ते शरीराच्या सर्वांत उंच भागावर झेपावतात, म्हणून काठी डोक्याच्या वर उभी धरून पायांखाली अंडी नाहीत ना हे पाहत त्वरेने बाजूला व्हावे.

हिमनदीतून निघणारे ओढे दुपारनंतर फुगतात आणि पहाटे उतरतात. सूर्य मावळत नसला तरी तो उंच-सखल होत राहतो, त्यामुळे हा फरक उन्हाळाभर जाणवतो. सकाळी सहज ओलांडलेला ओढा संध्याकाळी ओलांडता येईलच असे नाही, म्हणून परतीची वेळ पाण्याच्या हिशेबाने ठरवावी. पाणी गढूळ असल्याने तळ दिसत नाही. काठीने चाचपडत, पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून, प्रवाहाकडे तोंड करून तिरपे जावे आणि पाणी गुडघ्यावर आले की मागे फिरावे. समुद्रात तुटणाऱ्या हिमनदीच्या कड्यासमोर बोटीने किंवा किनाऱ्याने जवळ जाऊ नये, कारण कोसळणाऱ्या हिमखंडाइतकीच त्याने उठवलेली लाटही घातक असते.

टुंड्रावर चालणे दिसते त्यापेक्षा फार संथ असते. कापूसगवताचे गुडघाभर उंच गड्डे पावलाखाली डुलतात आणि दोन गड्ड्यांमधल्या फटीत पाय घोट्यापर्यंत पाण्यात जातो. नकाशावरचे दोन किलोमीटर दीड तास खाऊ शकतात. जिथे फळ्यांची पायवाट आहे तिथे तिच्यावरूनच चालावे. पायदळी तुडवलेले शेवाळ पूर्ववत व्हायला कित्येक वर्षे लागतात आणि वाहनांच्या चाकोऱ्या तर दशकानुदशके दिसत राहतात.

सोबत्याकडे लक्ष ठेवणे हे प्रत्येकाचे काम आहे. बोलका माणूस गप्प होऊ लागला, चेन लावताना बोटे वळेनात, सपाट जागी अडखळू लागला, तर त्याच्या शरीराचे तापमान घसरू लागले आहे असे समजून काम तत्काळ थांबवावे. आडोसा, कोरडे कपडे, जमिनीपासून वेगळे करणारी चटई आणि शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय, हा क्रम आहे. हातपाय चोळू नयेत. थरथर आपोआप थांबली आणि माणूस मात्र गुंगल्यासारखा वाटला, तर प्रकृती गंभीर आहे आणि मदत मागवलीच पाहिजे.

सहावी पायरी : मोजणे आणि नोंदवणे

वितळलेल्या थराच्या खोलीचेच उदाहरण पुढे नेऊ, कारण साध्या मोजमापात किती बारकावे असतात ते त्यातून दिसते. सेंटिमीटरच्या खुणा असलेली, मीटरभराहून लांब पोलादी सळई जमिनीत उभी दाबायची आणि ती अडली की खोली वाचायची, एवढीच कृती आहे. पण ती कशाला अडली? दगडाला लागली तर हाताला टणक, खणखणीत ठोका जाणवतो आणि जरा बाजूला सळई आणखी खोल जाते. गोठलेल्या मातीला लागली तर ठोका बद्द असतो आणि आजूबाजूला साधारण तेवढ्याच खोलीवर पुन्हा मिळतो. शून्य कुठे धरायचे, शेवाळाच्या माथ्यावर की त्याच्या मुळाशी, हेही पहिल्या दिवशी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे, कारण मऊ शेवाळ बोटाने दाबले तरी काही सेंटिमीटर खाली जाते आणि गटातल्या दोघांनी दोन पद्धती वापरल्या तर त्यांच्या आकड्यांतला फरक जमिनीतला फरक म्हणून नोंदला जाईल. १९९०च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेल्या, सक्रिय थराची, म्हणजे दर उन्हाळ्यात वितळणाऱ्या याच थराची, निरीक्षणे करणाऱ्या ‘काम’ (CALM) या आंतरराष्ट्रीय जाळ्यात अनेक ठिकाणी १०० मीटर बाजूच्या चौरसात दर १० मीटरवर, म्हणजे १२१ बिंदूंवर ही नोंद घेतली जाते. शिवाय हा थर उन्हाळाभर खोल होत जातो, त्यामुळे २० जुलैचा आकडा दुसऱ्या वर्षीच्या १५ ऑगस्टच्या आकड्याशी थेट ताडता येत नाही. तारीख हा मोजमापाचाच भाग आहे.

पाण्याच्या नमुन्यांसाठी ओढ्यात खालच्या बाजूने शिरावे, प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभे राहावे आणि पायांनी गढूळ न केलेल्या पाण्यात बाटली धरावी. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळावी. नमुना गोठवायचा असेल तर बाटली काठोकाठ भरू नये, कारण बर्फ झाल्यावर ती फुटते. गाळलेला आणि न गाळलेला नमुना वेगळा ओळखता येईल असा क्रमांक आधीच ठरवावा आणि शुद्ध पाण्याचा एक कोरा नमुनाही त्याच सर्व प्रक्रियेतून न्यावा. तो नसेल तर दूषण बाटलीतून आले की ओढ्यातून, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. दलदलीत वायूंचे उत्सर्जन मोजणाऱ्याने तर फळीवर उभे राहूनच काम करावे, कारण पावलाच्या दाबाने पीटमधले, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातले, मिथेनचे बुडबुडे सुटतात आणि तो आकडा फुगतो.

नोंदवही जलरोधक कागदाची आणि लेखणी शिसपेन्सिल असावी. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, स्थान, हवामान, मोजणाऱ्याचे आणि लिहिणाऱ्याचे नाव, उपकरणाचा क्रमांक हे असलेच पाहिजे. मोजणाऱ्याने आकडा उच्चारावा, लिहिणाऱ्याने तो परत उच्चारून मगच लिहावा. शून्य आणि ‘मोजले नाही’ या दोन नोंदी कधीही एकसारख्या रिकाम्या सोडू नयेत. चुकलेला आकडा खोडू नये, त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहावा.

वेळेबाबत विशेष दक्षता हवी. सगळी उपकरणे जागतिक प्रमाणवेळेवर लावावीत, स्थानिक वेळ फक्त जेवणासाठी वापरावी. लॉगर, कॅमेरा आणि फोन यांची घड्याळे जुळवल्यानंतर जीपीएसच्या पडद्यावरील वेळेचे छायाचित्र घेऊन ठेवले, की कोणते घड्याळ किती पुढे-मागे आहे याचा पुरावा राहतो. स्थाननिर्देशक लिहिताना संदर्भपद्धती, बहुधा डब्ल्यूजीएस ८४, नोंदवावी. यूटीएम ही पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये स्थान सांगणारी पद्धत वापरणाऱ्यांनी हे जाणून असावे की स्वालबार्डभोवतीचे यूटीएम पट्टे नेहमीच्या सहा अंशांचे नाहीत. पश्चिम आणि मध्य स्पिट्‌सबर्गेनचा बराचसा भाग ९ ते २१ अंश पूर्व रेखांशांपर्यंत पसरलेल्या ३३-एक्स या रुंद पट्ट्यात येतो. पट्ट्याचा क्रमांक न लिहिलेले आकडे पुढच्या वर्षी त्या जागी पुन्हा पोहोचवतील याची खात्री नसते.

रोज रात्री, कितीही थकवा असला तरी, वहीच्या पानांची छायाचित्रे काढावीत, आकडे संगणकात उतरवावेत आणि दोन वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवावी. त्याच वेळी एक साधा आलेख काढून पाहावा. आलेखातला विचित्र बिंदू त्याच दिवशी दिसला तर उद्या जाऊन पुन्हा मोजता येतो.

सातवी पायरी : तळावरचे दिवस

लाँगइयरब्येनमध्ये एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत नाही. पहिल्या आठवड्यात उत्साहाने रात्रीचे दोन वाजेपर्यंत काम होते आणि दुसऱ्या आठवड्यात त्याची किंमत चुकांच्या रूपाने मोजावी लागते. डोळ्यांवर पट्टी बांधून ठरलेल्या वेळी झोपावे आणि गटप्रमुखाने काम थांबवण्याची वेळ घड्याळाने ठरवावी. पाणी आणि इंधन जपून वापरण्याची सवय लावून घ्यावी. टूलिकसारख्या केंद्रात स्नान आठवड्यातून दोनदा, तेही दोन मिनिटांचे, असा शिरस्ता आहे.

लहान गटात आठवडेच्या आठवडे एकत्र राहताना मतभेद होतात. ते साठू देऊ नयेत. रोज जेवणानंतर दहा मिनिटे फक्त उद्याचे काम आणि आजच्या अडचणी यांवर बोलण्याची पद्धत फार उपयोगी पडते. वर्तणुकीची लेखी नियमावली, त्रास झाल्यास कोणाकडे जायचे आणि ती व्यक्ती गटप्रमुखच असेल तर तळाबाहेर कोणाशी संपर्क साधायचा, हे निघण्यापूर्वी प्रत्येकाला माहीत असायला हवे. उपग्रह फोन एकाच माणसाच्या ताब्यात राहू नये. उघड्या माळावर शौचाची व्यवस्था कशी असेल, पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू आणि त्यांचा कचरा कसा नेला जाईल, यांवरही तयारीच्या बैठकीत सर्वांसमोर स्पष्ट बोलावे. हे न बोलल्यामुळे दिवसभर पाणी न पिणारे विद्यार्थी आजारी पडतात.

आठवी पायरी : परतीची कामे

नमुन्यांचा परतीचा प्रवास जातानाच ठरवावा. माती आणि वनस्पती दुसऱ्या देशात नेण्यासाठी आयात परवाना लागतो, तर ध्रुवीय अस्वलासारख्या प्राण्यांचे केस किंवा हाडे यांना साइट्स या संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराचे नियम लागू होतात. गोठवलेल्या नमुन्यांसोबत शुष्क बर्फ न्यायचा झाल्यास विमान कंपनीची पूर्वसंमती लागते आणि प्रवाशामागे २.५ किलोग्रॅमची मर्यादा असते. पेटीतून वायू बाहेर पडायला वाट हवी. नमुन्यांची यादी पेटीत एक, हातातल्या पिशवीत एक आणि मार्गदर्शकाकडे एक अशी तीन ठिकाणी असावी.

तळ सोडण्यापूर्वी प्रत्येक झेंडा, खुंटी, दोरा आणि तारेचा तुकडा मोजून परत घ्यावा आणि पुढील वर्षासाठी जे ठेवायचे असेल त्यावर प्रकल्पाचे नाव व परवाना क्रमांक लिहावा. परवाना देणाऱ्या कार्यालयाचा अहवाल, केंद्राचा अहवाल आणि माहितीचा सार्वजनिक साठा ही तीन कामे पहिल्या महिन्यातच सुरू करावीत, कारण उपकरणाचा कोणता क्रमांक कोणत्या खुंटीवर होता हे तेव्हाच आठवते. ज्या गावाच्या भूमीवर काम केले तिथे निष्कर्ष दोन पानांत, तिथल्या लोकांच्या भाषेत आणि नकाशासह पाठवावेत. शेवटी, पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हस्तांतराची टिपण लिहावी: कोणत्या खुंटीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचता येते, कोणता ओढा कोणत्या वेळी ओलांडावा, कोणत्या लॉगरची बॅटरी कधी बदलली, कोणते बिंदू दगडामुळे मोजता आले नाहीत आणि शून्य कुठे धरले होते.